“मानसशास्त्र घेतल्यापासून मुलगी स्वतःलाच आजारी समजायला लागलीय”

“विषय बदलायची मुदत पुढच्या आठवड्यात संपतेय, मॅडम. तुम्ही फक्त तिला समजवा.” वडील खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. मुलगी अकरावीत, मानसशास्त्र सुरू होऊन तीन महिने झालेले. आई गप्प. मुलगी टेबलावरच्या पेनांकडे बघत होती.

विषय घेतल्यापासून ती स्वतःला एकेक आजार लावून घेत होती. आधी नैराश्य, मग चिंताविकार, आता एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार. रात्र रात्र जागून मनोविकारांची प्रकरणं वाचायची, मोबाईलवर चाचण्या सोडवायची. “चांगली होती हो आधी,” वडील म्हणाले. “या विषयानं नको ते डोक्यात भरवलं.”

मी समुपदेशक. ही काळजी माझ्याकडे दर वर्षी कुणी ना कुणी घेऊन येतं आणि ती बिनबुडाची नसते. लक्षणांच्या याद्या वाचताना ती स्वतःत दिसायला लागणं हा वैद्यकीच्या विद्यार्थ्यांमधलाही जुना अनुभव आहे. सोळाव्या वर्षी तर मूल तसंही “मी कोण, मी असा का” याच प्रश्नात अडकलेलं असतं.

पण त्या दिवशी माझं चुकलं. मी विषयाची बाजू मांडत बसले. हा विषय म्हणजे नुसते मनोविकार नव्हेत, त्यात स्मृती आहे, अवधान आहे, संख्याशास्त्र आहे, असं बरंच काही. सगळं खरं होतं, पण ते मी वडिलांना सांगत होते. जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं, तिला तासाभरात मी एक प्रश्नही विचारला नाही.

दुसऱ्यांदा तिला एकटीला बोलावलं. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, मात्र जिवाला धोका वाटला तर घरी सांगावं लागेल, हे आधीच स्पष्ट केलं. मग विचारलं, “झोप कधीपासून बिघडलीय?”

“दहावीपासून.”

म्हणजे विषय घेण्याच्या आधीपासून. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आजीला विस्मरणाचा आजार होता. शेवटच्या काही महिन्यांत ती हिला ओळखेनाशी झाली, आणि मग गेली. घरात सगळे म्हणाले, सुटली बिचारी. हिला मात्र ते सुटणं वाटलं नाही. तेव्हापासून एखादं नाव पटकन आठवलं नाही तरी हिच्या पोटात गोळा यायचा. मानसशास्त्र घेतलं ते यासाठी. पुस्तक हातात आल्या दिवशी तिनं त्या आजाराचं पान शोधलं. जेमतेम एक परिच्छेद निघाला.

जगणं नकोसं वाटतं का, हेही मी सरळ विचारलं. हा प्रश्न विचारल्यानं मुलांच्या मनात तसले विचार येत नाहीत. उलट विचारणारं माणूस भेटलं याचा आधार वाटतो. ती नाही म्हणाली. तरी इतके महिने बिघडलेली झोप आणि मनात दाबलेलं दुःख ही माझ्या कामापलीकडची गोष्ट होती. तिच्या संमतीनं आईवडिलांशी बोलले आणि तिला चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवलं. वडील बराच वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, “माझी आई होती ती.”

म्हणून अशा पालकांना मी आता आधी विचारते, त्रास विषयाबरोबर सुरू झाला की विषयाच्या आधीपासून होता? मुलानं लावून घेतलेलं आजाराचं नाव चुकीचं असेल, पण त्यामागचा त्रास खरा असू शकतो. शिकण्यासाठी वर्ग आणि त्रासासाठी उपचार, या दोन वेगळ्या गरजा आहेत. वर्गाकडून उपचाराची अपेक्षा केली की मूल दोन्हीकडून रिकाम्या हातानं परत येतं.

निदानाबद्दल तिला एवढंच सांगितलं. नैराश्याचं निदान करताना नऊपैकी किमान पाच लक्षणं सलग दोन आठवडे असावी लागतात, त्यात उदासी किंवा कशातच रस न उरणं यांपैकी एक तरी हवंच. शिवाय त्यानं रोजचं जगणं अडलंय का, दुसरं काही कारण आहे का, हे प्रशिक्षित माणूस समोर बसून तपासतो. मोबाईलवरच्या दहा प्रश्नांना ते जमत नाही.

तिसऱ्या भेटीला वडीलही आले. मी कागदावर हिरव्या पेनानं “लाल” लिहिलं, निळ्यानं “हिरवा”, असे वीस शब्द. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. हा मानसशास्त्रज्ञ स्ट्रूपचा 1935 सालचा प्रयोग. ती अडखळली आणि लगेच म्हणाली, “बघा, माझं लक्षच लागत नाही.” मग मी केला. मीही अडखळले. वडिलांना तर तिच्यापेक्षा जास्त वेळ लागला. वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते थांबवणंच अवघड जातं, वाचता येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला. तिनं कागद पुन्हा ओढून घेतला आणि वडिलांची वेळ मोजायला लागली.

विषय तिनं बदलला नाही. पुढे काय, या वडिलांच्या प्रश्नाला मी गुळगुळीत उत्तर दिलं नाही. शाळेतल्या दोन वर्षांनी कुणी समुपदेशक होत नाही, त्यासाठी पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि देखरेखीखालचं प्रशिक्षण लागतं. आकडेमोड टाळता येत नाही.

चार महिन्यांनी ती एबिंगहाउसबद्दल विचारायला आली. या जर्मन संशोधकानं स्वतःच निरर्थक अक्षरगट पाठ केले, विसरू दिले, पुन्हा पाठ केले आणि 1885 मध्ये निष्कर्ष छापले. शिकलेल्यातलं बरंचसं पहिल्या तासाभरातच जातं. पण तीच यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो.

“म्हणजे आठवत नसलं तरी आत काहीतरी शिल्लक असतं,” ती म्हणाली. “आजीच्यातही असेल?”

मी म्हटलं, ती निरोगी माणसाची स्मृती होती. आजाराला तो निष्कर्ष थेट लावता येणार नाही.

“माहितीये,” ती वही उघडत म्हणाली. “आणि नमुना एकाच माणसाचा होता. म्हणूनच पुढचं कुठे वाचू, ते विचारायला आलेय.”