जुनी डिझेल पिकअप चढावर ओढत नाही. टर्बो बदलावा का?

आठ वर्षे वापरलेली आणि १,६०,००० किलोमीटर धावलेली टर्बो डिझेल पिकअप तुम्ही नुकतीच घेतली आहे. सपाट रस्त्यावर ती बरी चालते, मात्र चढ लागला किंवा मागे माल भरला की ओढत नाही. डॅशबोर्डवर कोणताही दिवा लागत नाही आणि मेकॅनिकने काही न उघडताच टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) बदलायला सांगितले आहे, असे तुमच्या प्रश्नावरून समजते. माझे उत्तर असे की टर्बोला इतक्यात हात लावू नका. अशा तक्रारीत टर्बो कधीच दोषी नसतो असे नाही. पण दोष त्याच्या पुढच्या एखाद्या फाटक्या नळीत किंवा डिझेलच्या टाकीत असला, तर नवा टर्बो बसवूनही गाडी तशीच रेंगाळेल आणि तुम्ही मात्र मोठ्या खर्चात पडलेले असाल.

डिझेल इंजिनात ॲक्सिलरेटर दाबल्यावर मुख्यतः वाढते ते डिझेल, आणि आत आलेल्या हवेत जेवढे जळू शकेल तेवढेच डिझेल सोडायचे, ही मर्यादा इंजिनाचा संगणक पाळतो. त्यामुळे ताकद कमी पडण्याची कारणे वरवर पन्नास दिसली, तरी घराणी चारच आहेत: हवा कमी पडते, डिझेल कमी पडते, संगणक स्वतःच हात आखडता घेतो, किंवा इंजिन ताकद देते पण ती चाकापर्यंत पोहोचत नाही. यांपैकी कोणते घराणे आहे हे ठरेपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

धुराबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, आणि मला तीच माहिती सर्वांत आधी हवी होती. गाडी दुसऱ्या कोणाला तरी चालवायला द्या आणि चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असताना मागच्या गाडीतून सायलेन्सरकडे पाहा. दाट काळा धूर निघत असेल तर डिझेल पुरेसे येत आहे, पण ते जाळायला हवा अपुरी आहे. गाडी ओढत नाही आणि धूरही जवळजवळ नाही, अशी स्थिती असेल तर डिझेलच कमी येत आहे किंवा संगणकाने ते रोखून धरले आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडत आहे, आणि निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या गाडीत काळा धूर बाहेर दिसतच नाही, म्हणून तिथे या कसोटीवर विसंबू नका. स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकातील आकडे वाचणाऱ्या यंत्रावरच, भिस्त ठेवावी लागते.

धुराला मी इतके महत्त्व का देतो, हे माझ्याच अनुभवावरून सांगतो. मीही एक जुनी पिकअप घेतली होती, आणि गमतीने म्हणायचे तर त्या पिकअपला पिकअपच नव्हता. दहा-पंधरा मिनिटे चढ चढला की तिचा दम जाई, बाजूला घेऊन पाच मिनिटे बंद ठेवली की पुन्हा ठणठणीत होई. मी डिझेल फिल्टर बदलला, मग हवेचा फिल्टर बदलला, मग इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर काढून तपासायला दिले, आणि प्रत्येक वेळी पहिले दोन दिवस मला फरक पडल्याचा भास झाला. धूर कधीच नव्हता, हे मी रोज पाहत होतो. फक्त त्याचा अर्थ लावला नव्हता. शेवटी टाकी उतरवली तेव्हा तळाशी बाटलीच्या तोंडावर असते तसली, नाण्याएवढी चंदेरी झिल्ली सापडली. आधीच्या मालकाने डिझेलमध्ये कसले तरी मिश्रण ओतले असावे आणि सील आत पडले असावे. डिझेलची ओढ वाढली की ती झिल्ली शोषनळीच्या जाळीला जाऊन चिकटे, आणि इंजिन बंद केले की सुटून पुन्हा तळाशी बसे. ‘थांबल्यावर बरी होते’ हे लक्षण तेव्हापासून मी डिझेलच्या वाटेतील अडथळ्याचे समजतो. तुमच्या गाडीत असे घडत असेल तर पुढच्या वेळी दम गेल्याबरोबर थांबून टाकीचे झाकण उघडा. जोराने हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच गाडी सुधारली, तर टाकीचा श्वासमार्ग बुजला आहे आणि काम फारच स्वस्तात निभावले.

स्कॅनर लावण्यापूर्वी काही साध्या गोष्टी पाहून घ्या, कारण वापरलेल्या गाडीत त्याच अधिक नडतात. ॲक्सिलरेटरच्या पॅडलखाली जाड मॅट तर नाही ना, हे आधी पाहा. पॅडल पूर्ण दाबल्यावर स्कॅनरवर शंभराच्या आसपास टक्केवारी दिसायला हवी, मॅट आड आली तर ती सत्तरावर अडते. टायरवरचे माप दारावरच्या किंवा पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहा. आधीच्या मालकाने दिसायला रुबाबदार म्हणून व्यासाने दहा टक्के मोठे टायर बसवले असतील तर चाकाची ओढ सुमारे नऊ टक्क्यांनी घटते, आणि वेगमापक ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८८ च्या आसपास धावत असते, म्हणजे तुम्हाला ती आहे त्याहून मंद वाटते. दहा-बारा किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता चालवून प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या, टेकवू मात्र नका. एखादे चाक इतरांपेक्षा खूप तापलेले असेल तर तिथला ब्रेक जाम आहे. वरच्या गिअरमध्ये पूर्ण दाबल्यावर इंजिनाचे फेरे झपाट्याने चढतात आणि वेग मात्र जागचा हलत नाही, असे असेल तर क्लच घसरतो आहे, आणि इंजिनाचा यात काही दोष नाही.

आता खरी तपासणी. संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड तेवढे वाचणारा साधा स्कॅनर पुरत नाही. चालू आकडे दाखवणारा आणि ते नोंदवून ठेवणारा हवा. इंजिन बंद, फक्त चावी चालू, अशा स्थितीत इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा शिरण्याच्या मार्गातील, दाबाचा आकडा पाहा. समुद्रसपाटीजवळ तो १०० किलोपास्कलच्या आसपास, हजार मीटर उंचीवर ९० च्या आसपास असला पाहिजे. इथेच तो भलता दिसला तर सेन्सर खोटे बोलतो आहे आणि पुढचे सगळे हिशेब चुकतील. त्यानंतर मोकळ्या, सुरक्षित चढावर, दुसऱ्या कोणाला तरी चालवायला देऊन, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये मिनिटाला १,५०० फेऱ्यांपासून ३,००० फेऱ्यांपर्यंत पॅडल पूर्ण दाबून ठेवायला सांगा, आणि चार आकडे नोंदवा: संगणकाने मागितलेला टर्बोचा दाब, प्रत्यक्ष मिळालेला दाब, मागितलेला रेलचा (इंजेक्टरांना उच्च दाबाने डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीचा) दाब आणि प्रत्यक्ष रेलचा दाब.

या चार आकड्यांत तुमच्या प्रश्नाचे निम्म्याहून अधिक उत्तर आहे. टर्बोचा प्रत्यक्ष दाब मागणीच्या खूप खाली राहिला, तर हवेची बाजू तपासा. अशा गाड्यांत पूर्ण भाराला एकूण दाब साधारण २०० ते २५० किलोपास्कल असतो. रेलचा दाब मागणीपेक्षा खाली कोसळला तर डिझेलची बाजू. दोन्ही मागण्याच मुळात लहान असतील आणि प्रत्यक्ष आकडे त्यांच्याशी जुळत असतील तर संगणक मुद्दाम रोखतो आहे. आणि मागण्या भरपूर, मिळकतही भरपूर, तरी गाडी मंद, असे असेल तर इंजेक्टर, कॉम्प्रेशन, व्हॉल्व्ह टायमिंग, सायलेन्सरचा तुंबलेला मार्ग किंवा क्लच-ब्रेक यांकडे वळा.

हवेच्या बाजूला मी सर्वांत आधी इंटरकूलरचे (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) रबरी होज पाहतो. ते वरून पाहून भागत नाही, कारण चीर बहुधा वाकणाच्या आतल्या अंगाला असते. आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) ती मिटलेली राहते आणि दाब आला की ओठांसारखी उघडते. होज दोन्ही हातांनी वाकवून, पिळून पाहा. ऑइलचा ओलसर डाग आणि त्यावर धूळ बसून झालेला काळा चिकटा दिसला, की गळती तिथेच आहे असे समजा. टर्बोमध्ये बदलत्या पाकळ्या असतील आणि त्या व्हॅक्युमवर चालत असतील तर दुसरी पाहणी दोन मिनिटांची आहे: कोणाला तरी इंजिन चालू करायला सांगा आणि टर्बोवरच्या ॲक्च्युएटरच्या (पाकळ्या हलवणाऱ्या डबीच्या) दांडीकडे टॉर्च मारून पाहा. चालू होताच दांडी सुमारे एक सेंटिमीटर आत ओढली गेली पाहिजे आणि बंद केल्यावर सावकाश परत आली पाहिजे. ती हललीच नाही तर टर्बोवर संशय घेण्याआधी व्हॅक्युमच्या बारीक नळ्या तपासा; उष्णतेने कडक होऊन त्या केसाएवढ्या चिरतात, आणि नळीचा एक हातभर तुकडा बदलून काम होते. दांडी हाताने ढकलतानाही अडखळत असेल तर पाकळ्या काजळीने धरल्या आहेत. तसे असले तरी पुष्कळदा टर्बो उतरवून साफ करता येतो.

जळालेला थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला तर तो वायू गरजेपेक्षा जास्त आत जातो आणि खालच्या फेऱ्यांवर गाडी गुदमरते. हवा मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग काढून चालवून पाहणे ही त्यावरची एक ढोबळ चाचणी आहे. पुष्कळ गाड्यांत प्लग काढल्यावर संगणक ठरावीक आकडा धरतो आणि ईजीआर बंद ठेवतो. गाडी एकदम तरतरीत झाली तर दोष सेन्सरमध्ये किंवा ईजीआरमध्ये आहे. या चाचणीने एक कोड नोंदला जाईल, तो नंतर पुसून टाका.

डिझेलच्या बाजूला फिल्टर पहिला. आधीच्या मालकाच्या ‘मागच्याच महिन्यात बदलला’ या शब्दावर विसंबू नका; जुना उतरवून पांढऱ्या भांड्यात ओता आणि पाणी, गंज किंवा काळा चिखल दिसतो का ते पाहा. पंपाकडे जाणाऱ्या नळीत तात्पुरता पारदर्शक तुकडा जोडला तर हवेचे बुडबुडे येतात का तेही दिसते. हे सगळे नीट असून रेलचा दाब आयडलच्या २५०–३५० बारवरून पूर्ण भाराला वर चढत नसेल (जुन्या प्रणालींत तो १,३५० ते १,६०० बारपर्यंत जातो, नंतरच्यांत २,००० पर्यंत), तर प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला सारखी बाटली लावून एक-दोन मिनिटांत कोणाची किती भरते ते मोजावे. एक बाटली इतरांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर झिजला आहे. सगळ्या सारख्याच आणि थोड्या भरल्या तर पंप किंवा त्यावरचा नियंत्रण व्हॉल्व्ह तपासा. इंजिन चालू असताना उच्च दाबाची नळी कधीही सैल करू नका आणि गळती बोटाने चाचपू नका; त्या दाबाची धार कातडी भेदून आत जाते आणि ती जखम बाहेरून टाचणीएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

दिवा लागत नाही म्हणून कोड नाहीत, असे धरू नका. विकण्यापूर्वी कोड पुसणे ही जुनीच युक्ती आहे. स्कॅनरवर ‘कोड पुसल्यापासूनचे अंतर’ पाहा, आणि ते तुम्ही गाडी घेतल्यापासून चालवलेल्या अंतराइतकेच निघाले तर काय समजायचे ते समजा. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, पी००८७ म्हणजे रेलचा दाब कमी, पी२४६३ म्हणजे सायलेन्सरच्या मार्गातील फिल्टरमध्ये काजळी साचली. यांतला शेवटचा कोड आला तर संगणक ताकद तोडतो. फिल्टर जाळून साफ होण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि केवळ जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला ते मिळत नाही. इंजेक्टर कधी बदलले असतील तर त्यांच्या डोक्यावरचे कोड संगणकात भरले आहेत का, हेही याच बैठकीत तपासून घ्या. ते न भरल्याने नवे इंजेक्टर असूनही खडखडणाऱ्या आणि सुस्त गाड्या मी पाहिल्या आहेत.

इतके होऊनही बोट टर्बोकडेच राहिले तर हवेच्या फिल्टरकडचा पाइप काढून, इंजिन थंड असताना, टर्बोचा दांडा बोटांनी हलवून पाहा. बाजूला किंचित हलणे चालते. पुढे-मागे हलणे जाणवता कामा नये, आणि चाकाच्या पात्या घरावर घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो खरोखर संपला आहे. तेव्हा तो जरूर बदला. मात्र त्याला ऑइल पुरवणारी बारीक नळीही त्याच वेळी नवी घालायला सांगा आणि ऑइल-फिल्टर बदलून घ्या, कारण पहिला टर्बो त्या नळीत जळून घट्ट झालेल्या ऑइलमुळे कोरडा चालून गेला असेल, तर दुसराही त्याच वाटेने जाईल.