भूकंपानंतर कोकणातील मदतकार्यात उपग्रहांचा नेमका काय उपयोग होतो?

उपग्रह भूकंपाची पूर्वसूचना देत नाहीत, हे आधी स्पष्ट केलेले बरे. त्यांचे काम हादऱ्यानंतर सुरू होते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपासारखा धक्का भर पावसाळ्यात बसला, तर ढगांमुळे साधी छायाचित्रे निरुपयोगी ठरतील; रडार मात्र ढगांतून आणि रात्रीही पाहते, आणि जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या निसार या इस्रो-नासाच्या रडार उपग्रहाच्या एल-बँड (लांब तरंगलांबीच्या) लहरी सह्याद्रीच्या दाट झाडीतूनही बऱ्याच अंशी जमिनीपर्यंत पोहोचत असल्याने, आधीच्या व नंतरच्या प्रतिमा ताडून कुंभार्ली घाटात दरड कोठे सरकली हे शोधता येते. तथापि त्याच कक्षामार्गावर तो १२ दिवसांनी परततो. म्हणून पहिल्या तासांत भिस्त जमिनीवरील भूकंपमापकांवरच राहते, कारण केंद्र व महत्ता (भूकंप किती मोठा हे दाखवणारा आकडा) तेच काही मिनिटांत सांगतात.