मखराचा धंदा आणि फुकटचं सॉफ्टवेअर

प्रश्न : थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून मी घरी एमडीएफची मखरं, देव्हाऱ्याच्या जाळ्या आणि नेमप्लेट करून विकते. कटिंग बाहेरून करून घेते, पण गणपतीच्या तोंडावर कटिंगवाला दारात उभं करत नाही. आता स्वतःचं लहान लेझर आणि राउटर (फिरत्या बिटने लाकूड कोरणारं यंत्र) घ्यायचं आहे. विक्रेता म्हणतो, आमचाच कंट्रोलर (यंत्राचा मेंदू) घ्या, लायसन्सचं सॉफ्टवेअर आहे. गल्लीतला पॉलिटेक्निकचा मुलगा म्हणतो, आर्डुइनो या छोट्या सर्किट बोर्डवर जीआरबीएल हे यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर टाकू, ते फुकट आहे. यजमानांचं म्हणणं, फुकटच्या वस्तूवर धंदा उभा करू नये. — एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, राउटरपुरतं मुलाचं ऐका. लेझरचं म्हणाल तर बाजारातली बहुतेक लहान डायोड लेझर यंत्रं मुळात जीआरबीएलवरच चालतात, तेव्हा ती शंका तिथेच मिटली. सीओटू लेझर घेणार असाल तर त्यावर बहुधा डीएसपी नावाचा वेगळ्या जातीचा कंट्रोलर येतो. तो चांगला चालतो, पहिल्या वर्षी त्याला हात लावू नका.

यजमानांना मात्र एक सांगा. फुकट असणं हा या सॉफ्टवेअरचा लहान गुण आहे. मोठा गुण असा की ते कोणी बंद करू शकत नाही. भोसरीत मेंटेनन्सला होतो तेव्हा एक राउटर मी भंगारात जाताना पाहिला. मोटारी ठणठणीत, बेड ठणठणीत. पण सॉफ्टवेअरची चावी म्हणून लावायचा डोंगल मेला आणि विकणाऱ्याने तोवर गाशा गुंडाळलेला. शेवटी वजनावर गेला. जीआरबीएल नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी २००९ मध्ये सुरू केलं. पुढे त्यांनी हात काढून घेतला, तर सनी जिओन यांनी ते सांभाळलं. आता त्याचीच पुढची रूपं, जीआरबीएलहॅल आणि ईएसपी-३२ चिपवर चालणारं फ्लुइडएनसी, दुसरी माणसं चालवताहेत. कोड सगळ्यांसमोर आहे म्हणून हे झालं. त्यावर केलेला माल विकायला परवानगी लागत नाही. लायसन्सची अट प्रोग्रॅमला आहे, तुमच्या मखराला नाही.

हे अख्खं प्रकरण ३२ केबी मेमरीच्या चिपमध्ये मावतं. जी-कोडची, म्हणजे यंत्राला कुठे जायचं ते सांगणाऱ्या आज्ञांची, ओळ वाचायची, पुढच्या पंधरा-सोळा ओळींवर नजर ठेवून वेग कुठे वाढवायचा, कोपऱ्यावर कुठे उतरवायचा ते ठरवायचं आणि मोटारी फिरवणाऱ्या ड्रायव्हरला पल्स (विजेचे ठोके) पाठवायचे, एवढंच त्याचं काम. सेकंदाला ३० हजारांपर्यंत पल्स देतं. मखराच्या जाळीला ते भरपूर होतात. डिझाइन इंकस्केपमध्ये करा, फाइल पाठवायला युनिव्हर्सल जी-कोड सेंडर किंवा लेझरजीआरबीएल. दोन्ही फुकटच.

आता खरी डोकेदुखी, वीज. राउटर अर्ध्या जाळीवर असताना लाइट गेली की जीआरबीएलला आपण कुठे आहोत याचा पत्ता राहत नाही. म्हणून लिमिट स्विचशिवाय (अक्षाचं टोक ओळखणारं बटण) मशीन घेऊच नका आणि जीआरबीएलमधलं $२२ हे होमिंगचं सेटिंग एकवर ठेवा. लाइट आली की आधी होमिंग, म्हणजे यंत्र त्या स्विचांपर्यंत नेऊन मूळ जागा ठरवायची. कामाचा शून्य, म्हणजे जी५४, चिपमध्ये लिहून ठेवलेला असतो. होमिंग झालं की तो पुन्हा जागेवर सापडतो. फळी मात्र क्लॅम्पमधून हलवायची नाही. मग बिट वर घेऊन, स्पिंडल (बिट फिरवणारी मोटार) सुरू करून, थोड्या मागच्या ओळीपासून काम चालू करायचं.

दुसरी तक्रार हमखास येईल : स्पिंडल सुरू केला की यूएसबी तुटतं. दोष सॉफ्टवेअरला देतात, असतो अर्थिंगचा. व्हीएफडीपासून (स्पिंडलचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह) मोटारीकडे जाणारी वायर शील्डची घ्या, यूएसबीची केबल आखूड ठेवा आणि मोटारीच्या वायरपासून लांबून न्या. जुन्या घरात अर्थिंग नावापुरतं असतं. आधी वायरमनकडून तपासून घ्या. सॉफ्टवेअरचे वाचलेले पैसे इथे आणि धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूमवर घाला. एमडीएफची धूळ घरात राहू देऊ नका, लहान मुलं असतील तर मुळीच नाही.

लेझरवर कोपरे काळे पडत असतील तर $३२ (लेझर मोडचं सेटिंग) एक करा आणि फाइलमध्ये लेझर चालू करायच्या एम३ आज्ञेऐवजी एम४ वापरा. कोपऱ्यावर वेग उतरला की पॉवरही उतरते. आणि पीव्हीसीचा सनबोर्ड लेझरखाली कधीच घालायचा नाही, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. छातीलाही वाईट, मशीनच्या रेललाही.

प्रश्न : मूर्तीखालचे पाट राउटरवर कापतो. १०० मिमीची बाजू व्हर्निअरवर ९९ भरते. $१०० चा (एक मिमीला किती स्टेप, तो) आकडा बदलून बदलून भाचा थकला. — एक वाचक, पेण

उत्तर : भाच्याला म्हणावं, थांब. १०० आणि ३०० मिमीचे दोन तुकडे काप. ३०० चा २९७ आला तर आकडा चुकलाय. २९९ आला तर आकड्याचा संबंधच नाही.

१६०५ बॉल स्क्रू (१६ मिमी जाड, फेरीला ५ मिमी सरकवणारा) असेल तर हिशोब सरळ आहे : मोटारीच्या फेरीला २०० स्टेप, ड्रायव्हरवर ८ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे ८ बारीक तुकडे), म्हणजे १६००, फेरीला ५ मिमी सरक. म्हणजे मिमीला ३२० स्टेप. हा आकडा मोजून काढायचा नसतो, लावायचा असतो. तुमच्याकडे बहुतेक बिट ६ मिमीचं आहे आणि टूलपाथ (बिटचा मार्ग) करताना ५ लिहिलंय. प्रत्येक कडेला अर्धा मिमी जास्त खाल्ला जातो. आतली भोकं १ मिमीने मोठी येत असतील तर खात्रीच समजा.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या सीएनसी लेथचा कंट्रोलर गेला. घरामागच्या शेडमध्येच चालवायचा आहे. जीआरबीएल बसेल का? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही. आटे पाडायचे म्हटलं की स्पिंडल आणि टूल एका लयीत हवेत. ते साध्या जीआरबीएलचं काम नव्हे. संगणकावर चालणारं लिनक्ससीएनसी घ्या. अमेरिकी सरकारच्या निस्ट संस्थेत १९९० च्या दशकात तयार झालेल्या कंट्रोलरपासून ते आलं, आणि स्पिंडलला एन्कोडर (फेऱ्या मोजणारा सेन्सर) लावला की आटे पाडायच्या जी३३, जी७६ या आज्ञा नीट चालवतं. लॅपटॉपवर बसवू नका. जुना डेस्कटॉप घ्या आणि आधी लिनक्ससीएनसीतली लेटन्सी टेस्ट (संगणक वेळेवर उत्तर देतो का ते तपासणारी) चालवून बघा. इमर्जन्सी स्टॉपचं बटण सॉफ्टवेअरच्या भरवशावर न ठेवता थेट कॉन्टॅक्टरला (मोटारींची वीज तोडणारा स्विच) जोडा. दोन्ही अक्षांच्या मोटारींच्या नेमप्लेटचे फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. सर्व्हो आहेत की स्टेपर, ते बघून कोणतं कार्ड लागेल ते पुढच्या अंकात सांगतो.