आधी वही, मग शिक्का

मॅडम, वर्गात मागे पडणाऱ्या पोराला ‘मठ्ठ’ म्हणून मोकळं होण्याआधी पहिल्या बाकावर आणून बसवा. फळ्यावरचं उतरवताना डोळे बारीक करतो का? मागून हाक मारली तर वळतो का? तोंडी गणित फटकन सांगतो, पण लिहिताना ‘ब’ आणि ‘व’मध्ये अडकतो का? पंधरा-वीस दिवस तारखेनिशी वहीत टिपा. पुढे डॉक्टरांसमोर हीच वही कामाला येते.

आपल्या मेळघाटात आणखी एक गोष्ट आहे. घरी कोरकू बोलणारं लेकरू मराठीच्या वर्गात गप्प राहतं. ते अपंगत्व नव्हे. कोरकू येणाऱ्या अंगणवाडीताईंना सोबत घेऊन त्याच्याशी बोला, मगच काय ते ठरवा.

तरीही शंका राहिली तर ‘प्रशस्त’ची, म्हणजे शाळेत अपंगत्वाची प्राथमिक चाचपणी करायच्या अ‍ॅपमधली, यादी भरा. पहिला भाग वर्गशिक्षकाचा, त्यावरून निदान होत नाही. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना लेखी कळवा. मुलांची आरोग्य तपासणी करणारं सरकारी बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं की त्याला आवर्जून दाखवा.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन-गणितातली अडचण, हीही त्यात येते. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, तर १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा त्याचा हक्क आहे.

आईबापाला सगळ्यांदेखत सांगू नका हो. वेचणीवरून परतले की संध्याकाळी घरी जा, आधी पोराला काय छान येतं ते सांगा. आणि प्रमाणपत्राची वाट पाहत बसू नका. मोठ्या अक्षरातला कागद, जास्तीचा वेळ, तोंडी उत्तर, हे उद्यापासूनच सुरू करा.