वर्गातल्या मुलांना सांगायचं का?

जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडतात आणि पहिल्या पंधरवड्यातच समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न येतो. नागपुरात धरमपेठेतून येतो, मानेवाड्यातून येतो, इंग्रजी शाळेच्या पालकांकडून येतो तसाच मराठी शाळेच्याही. मुलाला ऑटिझम आहे, मुख्याध्यापकांना ठाऊक आहे, वर्गशिक्षिकेला ठाऊक आहे, वर्गातल्या मुलांना मात्र कोणी काही सांगितलेलं नाही. "सांगितलं तर चिडवतील. नाही सांगितलं तरी कोणी खेळायला घेत नाही. काय करू मॅडम?"

माझं उत्तर बहुतेक वेळा "सांगा" असंच असतं. गप्प राहिल्याने मुलांचे प्रश्न थांबत नाहीत, ती आपापली उत्तरं शोधतात, आणि ती उत्तरं आपल्या सांगण्यापेक्षा वाईट असतात. पण आधी कोणाला सांगायचं, किती सांगायचं आणि सांगून झाल्यावर मुलांच्या हातात काय द्यायचं, यावर सगळं अवलंबून असतं. त्यासाठी एका पाचवीच्या वर्गाची गोष्ट सांगते. मुलगा ओळखू येऊ नये म्हणून नावं घेत नाही, काही तपशीलही बदलले आहेत.

त्याची आई आली ती खो-खोची तक्रार घेऊन. "तो खो-खोत बसला की मारामारी होते. आता पीटीच्या तासाला त्याला वर्गातच बसवून ठेवतात. पोरं म्हणतात, तो डेंजर आहे."

मी विचारलं, "ऑटिझम हा शब्द त्याला स्वतःला माहीत आहे?"

"नाही. कळेल का त्याला?"

इथे माझा एक नियम आहे आणि तो मी मोडत नाही. जी गोष्ट मुलाला स्वतःबद्दल माहीत नाही, ती त्याच्या वर्गाला आधी कळता कामा नये. म्हणून पहिलं काम त्याच्यासोबत झालं. त्याला सांगितलं, तुझे कान बारीकसा आवाजही मोठा करून ऐकतात, न सांगता कोणी हात लावला की तुला चटका बसल्यासारखं होतं, नियम तुझ्या पक्के लक्षात राहतात. ज्यांचा मेंदू असा चालतो त्यांना ऑटिझम आहे असं म्हणतात. त्याने थोडा वेळ टेबलाच्या कडेवर बोट फिरवलं आणि विचारलं, "मग बाकीच्यांना काय आहे?"

फार नेमका प्रश्न. ऑटिझमवरची बहुतेक पुस्तकं गृहीत धरतात की न समजण्याची अडचण एकाच बाजूला आहे. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलं की ही अडचण दोन्ही बाजूंची असते. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचता येत नसेल, तर इतरांनाही त्याचं येत नाही. माझं सगळं काम मी याच पायावर उभं केलं आहे. वर्गात जाऊन "याला समजून घ्या" एवढंच सांगितलं की दया तयार होते, आणि दया पीटीच्या तासापर्यंतही टिकत नाही.

मग त्याने आणि मी मिळून एका कागदावर तीन रकाने केले: वर्गाला सांगायचं, सांगायचं नाही, आणि मी स्वतः सांगेन. आवाजाचं आणि स्पर्शाचं पहिल्या रकान्यात गेलं. औषधं आणि थेरपी दुसऱ्यात. तिसऱ्यात त्याने लिहिलं, "खो-खोचं." आई-वडिलांची लेखी संमती घेतली, शाळेलाही प्रत दिली. मी बोलताना तो वर्गात असावा की नसावा, हेही त्यालाच विचारलं. त्याने कॉम्प्युटर रूम निवडली आणि शेवटची दहा मिनिटं येतो म्हणाला.

वर्गात मी भाषणाने सुरुवात करत नाही. नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न लिहायला सांगते आणि पाच मिनिटं देते. मराठी शाळेत मुलांना घरच्या बोलीत लिहू द्यावं, खरं तेच उतरतं. या वर्गातल्या चिठ्ठ्या अशा होत्या. "तो कान काऊन झाकते?" "एकच गोष्ट धा वेळा काऊन विचारते?" "तो लहानपणी डोक्यावर पडला का?" एका चिठ्ठीत होतं, "त्याच्या बाजूले बसल्यानं आपल्याले होते का?" ते लिहिणारी मुलगी कित्येक महिने त्याच्याकडून पेन्सिल घेत नव्हती, असं नंतर कळलं. तिला कोणी विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात सुटला असता असा गैरसमज.

आणि निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांमध्ये एकच तक्रार होती: "त्यानं मारलं त मॅडम त्याले काहीच नाही म्हणत. आमी मारलं त आमाले बाहेर उभं करते."

शिक्षकांना आणि पालकांना हे वाचून दाखवलं की ते चपापतात. या वयाच्या मुलांना अन्याय सहन होत नाही. शिक्षिकेने चांगल्या हेतूने त्याला सूट दिली होती, पण कारण सांगितलं नव्हतं. त्यामुळे वर्गाला तो लाडका वाटत होता, आणि लाडक्याला मुलं जी शिक्षा देतात तीच त्याला मिळत होती: खेळात घ्यायचं नाही. मोठ्यांना ज्यात क्रूरपणा दिसत होता, त्याच्या मुळाशी न्यायाची जाणीव होती. हे एकदा कळलं की पुढचं काम सोपं होतं, कारण न्यायाची चाड असलेल्या मुलांना नुसतं खरं कारण हवं असतं.

म्हणून मी मारण्यावरच बोलले. मारणं चूक आहे, त्याचंही आणि तुमचंही, आणि यापुढे परिणाम सगळ्यांना सारखाच असेल. आता मला सांगा, तो नेमका केव्हा मारतो?

ज्याला सगळ्यात जास्त मार बसला होता, तोच उभा राहिला. वर्गातला दांडगा पोट्टा, खो-खोचा कॅप्टन. "मी खो देल्ला का मारते."

"खो कसा देतोस?"

"मागून. पाठीवर हात मारून, जोऱ्यानं खो म्हणाचं."

मी काहीच बोलले नाही. वर्गही गप्प झाला. फळ्यावर मघाशी लिहिलेल्या दोन ओळी तशाच होत्या: अचानक स्पर्श. मोठा आवाज. तो मुलगा फळ्याकडे पाहत राहिला आणि मग सावकाश म्हणाला, "म्हंजे... खो-खोत त दोनी एकदमच होते."

समुपदेशकाने तोंड बंद ठेवायची वेळ असते ती हीच. हेच वाक्य माझ्या तोंडून आलं असतं तर तो उपदेश झाला असता. कॅप्टनच्या तोंडून आलं आणि वर्गाने ते मान्य केलं. लगेच त्याने विचारलं, "मंग मी समोरून गेलो अन् हात वर केला त चालते का?"

"मला काय विचारतोस? त्याला विचार."

शेवटच्या दहा मिनिटांत तो आला. कॅप्टनने विचारलं. याने खिडकीकडे पाहत उत्तर दिलं, "मागून नको. समोरून चालेल. ओरडायचं नाही, साधं खो म्हणायचं." वर्गाच्या खेळापुरता तो नियम ठरला. स्पर्धेत खो मागूनच द्यावा लागतो, हे यानेच सगळ्यांना ठासून सांगितलं.

त्या आठवड्यात तो पीटीला परत गेला. नवी कटकटही लगेच सुरू झाली. कोणी मधली रेषा ओलांडली, कोणी धावता धावता दिशा बदलली की हा प्रत्येक वेळी खेळ थांबवून फाउल सांगायचा. शिक्षिकेने सुचवलं, त्याला कायमचा गुण लिहायला बसवू. मी नको म्हटलं. मानाची खुर्ची देऊन मैदानाबाहेर ठेवणं हेही बाहेर ठेवणंच आहे. फाउल वहीत लिहायचे आणि पाळी संपल्यावर सांगायचे, असं ठरलं. मुलांनी कुरकुर करत का होईना, ते पाळलं.

आता शिक्षकांसाठी थोडं खोलात, कारण गाडी इथेच जास्त अडते. बहुतेक शाळा एक शहाणी, समजूतदार मुलगी निवडतात आणि वर्षभर त्याच्या शेजारी बसवतात. दिवाळीपर्यंत ती थकते, आणि तिची आई तक्रार घेऊन येते. ती तक्रार रास्त असते. एका मुलीऐवजी पाच-सहा मुलांचा गट करा. त्यात फक्त हुशार मुलं नकोत. एक असा असावा ज्याला त्याच्यासारखीच आवड आहे, आणि एक असा ज्याचा वर्गात दबदबा आहे. आमच्या गटात कॅप्टन होता. पाळी दर आठवड्याला बदलायची, शुक्रवारी शिक्षिकेने दहा मिनिटं गटासोबत बसायचं आणि "काय जमलं नाही" हे आधी विचारायचं. २०१२ साली कॅलिफोर्नियातल्या कॉनी कसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फक्त त्या मुलाला शिकवण्यापेक्षा त्याच्या वर्गमित्रांना शिकवल्यावर त्याचं वर्गातलं स्थान जास्त सुधारलं आणि मैदानावरचं एकटेपण कमी झालं. मी जे रोज पाहते, ते तिथे मोजून दाखवलेलं आहे.

गटाला दिलेली कामं मोजकी आणि दिसणारी असावीत. "मैत्री करा" हे काम नव्हे. वेळापत्रक बदललं तर त्याला आधी एका वाक्यात सांगायचं: "आज गणित नाही, चित्रकला आहे." मार्चमध्ये उन्हामुळे शाळा सकाळची होते तेव्हा हे रोज करावं लागतं, कारण त्याचा सगळा दिवसच सरकलेला असतो. प्रश्न एकदाच, छोट्या वाक्यात विचारायचा आणि मनात दहापर्यंत मोजायचं. शब्द बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला तर त्याच्यासाठी तो नवा प्रश्न होतो आणि तो पहिल्यापासून सुरुवात करतो. हात धरून ओढायचं नाही. त्याने कान झाकले किंवा तो डोलायला लागला तर गर्दी करायची नाही, "काय झालं" विचारायचं नाही. एकाने शिक्षिकेला सांगायचं, बाकीच्यांनी दोन पावलं मागे. वर्गाच्या कोपऱ्यात, कूलरपासून लांब, एक खुर्ची ठेवा. तिथे तो स्वतः जाईल. शिक्षा म्हणून त्याला तिथे एकदा जरी पाठवलं, तर ती जागा कायमची वाया गेली समजा.

काय करायचं नाही, हेही गटाला सांगावं लागतं: त्याचा डबा उघडून द्यायचा नाही, वही लिहून द्यायची नाही, त्याच्या वतीने उत्तर द्यायचं नाही. आणि ज्या दिवशी स्वतःलाच कंटाळा आला असेल, त्या दिवशी "आज मी नाही" म्हणायची मुभा.

चिडवण्याचा एक प्रकार मोठ्यांच्या नजरेतून सुटतो. त्याला हसत हसत सांगतात, "जा, सरांना असं म्हण." तो शब्दशः ऐकतो, जाऊन म्हणतो, मार त्याला बसतो आणि सांगणारे मागे हसतात. गटातल्या मुलांना यासाठी एक वाक्य पाठ करून दिलं: "ते नको म्हणू, ते तुला फसवून राहिले." त्यांनी ते मोठ्याने म्हणायचं, फसवणाऱ्यांनाही ऐकू जाईल असं. वर्गातल्या एका मुलीने दुसऱ्याच आठवड्यात ते म्हटलं, तेही कोणी आठवण न देता. मला या गोष्टीचा खरोखर अभिमान वाटतो.

वयाप्रमाणे सांगणं बदलतं. पहिली-दुसरीला ऑटिझम हा शब्द लागत नाही. "त्याला मोठा आवाज सहन होत नाही" एवढं पुरे. तिसरी ते पाचवीला कारणं लागतात. सहावीपासून पुढे शब्दही सांगा, नाहीतर मुलं मोबाइलवर शोधतात आणि भलतंच वाचतात. इतर पालकांपैकी कोणी "त्याला दुसऱ्या शाळेत पाठवा" म्हटलं, तर मुख्याध्यापकांनी शांतपणे सांगावं की दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार ऑटिझम हे दिव्यांगत्व आहे आणि मान्यताप्राप्त शाळेला भेदभाव न करता प्रवेश द्यावाच लागतो. या मुद्द्यावर पालकसभेत मत घेऊ नये.

शेवटी तुकडीचं. वर्षभर बसवलेली घडी जूनमध्ये नव्या याद्या लागल्या की मोडते. म्हणून गटातली निदान दोन-तीन मुलं त्याच्याच तुकडीत राहावीत असा अर्ज एप्रिलमध्ये, निकालाआधी द्या. सोबत नव्या वर्गशिक्षकांसाठी एक पान जोडा: त्याला काय त्रास देतं, काय उपयोगी पडतं, खो कसा द्यायचा, आणि कोणत्या मुलांना हे आधीच माहीत आहे. ते पान त्याला वाचून दाखवा आणि त्याने एखादी ओळ खोडली तर ती खोडलेलीच राहू द्या.