रोलर कोस्टर वगळता थीम पार्कमध्ये दर्दी माणसाने पाहावे असे काय असते?

आपला प्रश्न असा आहे की रोलर कोस्टरचे वेड समजण्यासारखे असले, तरी अंधारातून संथपणे जाणाऱ्या गाड्या, गोल फिरणारे डबे आणि लाकडी घोडे यांच्यासाठी प्रौढ माणसे दूरदूरच्या पार्कांत का जातात, आणि त्यात खरोखर अभ्यास करण्याजोगे काही असते का. मी स्वतः या छंदात कोस्टरच्या वाटेनेच आलो आणि आता कोस्टरच्या रांगेत क्वचितच उभा राहतो, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

कोस्टरचे वेड इतके उठून दिसते, कारण कोस्टर मोजता येतो. त्याची उंची, वेग, रुळांची लांबी, डोके खाली करणारी वळणे किती, हे सारे आकड्यांत मांडता येते. आपण आजवर किती कोस्टरवर बसलो याची वही ठेवणे हा तर या छंदाचा जवळजवळ पायाच आहे, आणि १९७८ साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन कोस्टर एन्थुझिअॅस्ट्स’सारख्या संघटनांनी त्याला प्रतिष्ठाही मिळवून दिली. बाकीच्या राइड्स या मापात बसत नाहीत. एखादी डार्क राइड, म्हणजे अंधाऱ्या इमारतीतल्या देखाव्यांमधून गाडीतून नेणारी राइड, ताशी किती किलोमीटर वेगाने जाते हे सांगितल्याने तिच्याविषयी काहीच कळत नाही. तिच्यात रस घ्यायचा असेल तर ती कशी रचली आहे, बसणाऱ्याच्या डोळ्यांना आणि तोलाला ती काय भासवते, आणि तिचा अनुभव बसणाऱ्याच्या व चालवणाऱ्याच्या हातात किती असतो, याकडे लक्ष द्यावे लागते. कोस्टरबाहेरच्या राइड्सचे शौकीन नेमके हेच करतात.

गोल फिरणाऱ्या यंत्रांना या वर्तुळात फ्लॅट राइड म्हणतात. सामान्य माणूस त्यांना सर्वांत कमी मान देतो, आणि माझ्या मते तिथेच तो सर्वांत जास्त चुकतो. ‘टिल्ट-अ-व्हर्ल’चे उदाहरण घ्या. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या फॅरिबॉल्ट या गावी हर्बर्ट सेल्नर यांनी १९२६ साली ही राइड तयार केली. तिच्यात सात गोल पाट चढ-उतार असलेल्या वर्तुळाकार मार्गावरून फिरत राहतात आणि प्रत्येक पाटावर मधोमध खिळलेला एक डबा स्वतःभोवती मोकळा फिरू शकतो. या डब्याला स्वतःची मोटर नसते. पाट कोणत्या बाजूला कलला आहे, डबा त्या क्षणी कुठे तोंड करून आहे आणि आत बसलेल्यांचे वजन कोणत्या बाजूला आहे, यावर तो पुढच्या क्षणी डावीकडे वळणार, उजवीकडे वळणार की गरगर फिरणार हे ठरते. १९९४ साली रिचर्ड काउट्झ आणि ब्रेट हगार्ड यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये या राइडच्या गणितावर लेख लिहिला आणि डब्याची ही गती गणिती अर्थाने ‘केऑटिक’ असल्याचे दाखवले. यंत्र फार हळू चालवले तर डब्याची हालचाल ठरावीक आणि कंटाळवाणी होते, फार जोरात चालवले तर डबा बाहेरच्या बाजूला ढकलला जाऊन तिथेच अडकून राहतो, आणि या दोहोंच्या मधल्या वेगात मात्र सुरुवातीच्या नगण्य फरकाने पुढची सारी फेरी बदलून जाते. त्यामुळे एकाच राइडवर दहा वेळा बसलेल्या माणसाला दहा निरनिराळ्या फेऱ्या मिळतात. मुरलेले शौकीन योग्य क्षणी अंग एका बाजूला झुकवून डब्याला गरका घ्यायला लावतात, आणि नवखा माणूस शेजारच्या डब्याकडे पाहून आपलाच डबा बिघडला आहे असे समजतो.

बसणाऱ्याच्या कौशल्याचा विषय निघाला आहे, तर ‘फ्लाइंग स्कूटर्स’विषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तिच्याइतकी गैरसमजाची धनी झालेली राइड दुसरी नसेल. मधल्या खांबाच्या बाहूंना तारांनी टांगलेले डबे गोल फिरतात आणि प्रत्येक डब्याच्या पुढच्या बाजूला शिडासारखा एक उभा पडदा असतो, जो बसणाऱ्याला हाताने वळवता येतो. काहीही न करता बसलात तर ही लहान मुलांची राइड आहे. पडदा वाऱ्याच्या विरुद्ध योग्य वेळी वळवलात तर डबा बाहेर फेकला जातो, पुन्हा उलट वळवलात तर तो झपकन आत येतो, आणि ही लय साधली की तारा क्षणभर सैल पडून आवाज करीत पुन्हा ताणल्या जातात. शौकीन याला ‘स्नॅप’ करणे म्हणतात. पेनसिल्व्हेनियातील कनोबल्स या पार्कमधली ही राइड त्यासाठी प्रसिद्ध आहे. अनेक ठिकाणी मात्र असे करण्यास मनाई असते, आणि ती पाळलीच पाहिजे, कारण तारांवर येणाऱ्या ताणाचा हिशेब शेवटी देखभाल करणाऱ्यांना करावा लागतो.

उंचावरून सोडणाऱ्या मनोऱ्यांविषयी एवढेच सांगतो की तिथे दर्दी माणूस पडण्यापेक्षा थांबण्याकडे अधिक लक्ष देतो. त्यांतील बहुतेक आधुनिक मनोऱ्यांचे ब्रेक कायम चुंबकांचे असतात. धातूचा पट्टा आणि चुंबक वेगाने एकमेकांजवळून गेले की धातूत विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि तो त्याच गतीला विरोध करतो. याला बाहेरून वीज लागत नाही, म्हणून वीज गेली तरी ब्रेक लागतातच. वेग कमी होत जातो तसा हा विरोधही क्षीण होत जातो, आणि म्हणूनच शेवटचे काही अंतर आसन अलगद खाली टेकल्यासारखे वाटते. डिस्नेच्या फ्लोरिडातील पार्कमध्ये १९९४ साली सुरू झालेल्या ‘टॉवर ऑफ टेरर’मध्ये याच्या उलट युक्ती आहे. तिथे प्रवासी बसलेली लिफ्ट नुसती सोडून देत नाहीत, तर मोटरने खाली खेचतात, आणि त्यामुळे प्रवासी आसनावरून वर उचलले जातात.

माझा स्वतःचा जीव अधिक रमतो तो भास घडवणाऱ्या राइड्समध्ये. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १८९४ साली भरलेल्या प्रदर्शनात ‘हाँटेड स्विंग’ नावाचा एक झोपाळा होता. माणसे खोलीतल्या मोठ्या झोपाळ्यावर बसत, झोपाळा हळूहळू उंच जाऊ लागे आणि अखेर आपण छताला वळसा घालून पूर्ण उलटे फिरलो असे प्रत्येकाला वाटे. प्रत्यक्षात झोपाळा जवळपास स्थिर असे आणि सामानसुमान पक्के ठोकलेली सगळी खोलीच त्याच्याभोवती फिरवली जाई. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांना ही गोष्ट इतकी लक्षणीय वाटली की त्यांनी १८९५ साली मानसशास्त्राच्या एका नियतकालिकात तिचे वर्णन प्रसिद्ध केले. हीच कल्पना नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग पार्कने १९९६ साली ‘व्हिला व्होल्टा’ या राइडमध्ये नव्याने उभी केली. तिच्यात प्रवाशांची बाकेही थोडीशी डोलतात, आणि खरी कारागिरी याच थोड्याशा डोलण्यात आहे. डोळे सांगतात की आपण उलटे होत आहोत, तर कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की काहीच घडत नाही. बाक किंचित कलले की त्या इंद्रियाला संशयापुरता पुरावा मिळतो आणि डोळ्यांचे म्हणणे खरे ठरते. युक्ती आधीच ठाऊक असूनही हात आपोआप समोरचा दांडा घट्ट धरतात, हे मी स्वतःवर अनेकदा पाहिले आहे.

डिस्नेलँडमध्ये ९ ऑगस्ट १९६९ रोजी सुरू झालेल्या ‘हाँटेड मॅन्शन’ या भुतांच्या वाड्याच्या डार्क राइडमधील नाचघराचे दृश्यही असेच आहे. जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये रंगमंचावर दाखवलेली, आणि मुळात हेन्री डर्क्स यांना सुचलेली, काचेतील प्रतिबिंबाची युक्ती तिथे वापरली आहे. प्रवासी सज्जासारख्या मार्गावरून जातात, समोर प्रचंड काचा असतात, आणि नाचणाऱ्या आकृत्या प्रवाशांच्या नजरेआड ठेवून त्यांवर प्रकाश टाकला जातो. काचेतून पलीकडचे खरे टेबल दिसते आणि त्याच काचेत त्या आकृत्यांचे प्रतिबिंब दिसते, म्हणून भुते पारदर्शक भासतात. प्रतिबिंब हे पडद्यावरच्या चित्रासारखे सपाट नसते. आपली गाडी पुढे सरकते तशी भुतेही टेबलाच्या तुलनेत योग्य त्या अंतराने सरकतात, आणि म्हणूनच शतकभराहून जुनी ही युक्ती पडद्यावर आधारलेल्या कित्येक नव्या राइड्सपेक्षा मला सरस वाटते.

या राइडच्या गाड्यांचा विचारही करायला हवा. त्या ‘ऑम्निमूव्हर’ पद्धतीच्या आहेत, जी डिस्नेलँडमध्ये १९६७ साली ‘अॅडव्हेंचर थ्रू इनर स्पेस’ या राइडसाठी प्रथम वापरली गेली. सगळ्या गाड्या एका न तुटणाऱ्या साखळीत सतत चालत राहतात आणि माणसे सोबत सरकणाऱ्या पट्ट्यावरून चालत येऊन त्यांत बसतात. एरवी कोणाला बसवण्यासाठी साखळी थांबवावी लागत नाही, त्यामुळे तासाला दोन हजारांहून अधिक माणसे जाऊ शकतात. दुसरे असे की प्रत्येक गाडी ठरलेल्या जागी ठरलेल्या दिशेला वळवता येते आणि तिची उंच पाठ आजूबाजूचे दृश्य झाकून टाकते, म्हणजे प्रवाशाने कधी काय पाहावे हे रचनाकारच ठरवतो. कोणी रांगेत उभे राहून घड्याळ लावून तासाला किती माणसे आत जात आहेत हे मोजताना दिसला, तर तो याच पंथातला आहे असे खुशाल समजावे. म्हणजे आकड्यांपासून आम्हीही पुरते सुटलेलो नाही.

लाकडी घोड्यांचा, म्हणजे कॅरोसेलचा, शौक हा निराळाच प्रांत आहे आणि त्यात माझा अधिकार कमी आहे. तरी एक निरीक्षण सांगण्याजोगे आहे. अमेरिकी कॅरोसेल घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात, म्हणून त्यांच्या घोड्यांची उजवी बाजू प्रेक्षकांना दिसते आणि कोरीवकाम, झालर, रंग हे सारे त्याच बाजूला अधिक असते. इंग्रजी कॅरोसेल काट्यांच्या दिशेने फिरतात, म्हणून तिथे डावी बाजू सजवलेली असते. सुटा घोडा संग्रहालयात दिसला तर त्याची कोणती बाजू नटवली आहे हे पाहून तो बहुधा कोठला हे ताडता येते. दुर्दैवाने असे सुटे घोडे फार आहेत, कारण लोककला म्हणून त्यांना भाव आला तेव्हा अखंड कॅरोसेल मोडून घोडे एकेक करून विकले गेले. १९७३ साली स्थापन झालेली ‘नॅशनल कॅरोसेल असोसिएशन’ ही संस्था उरलेली कॅरोसेल अखंड राहावीत यासाठी काम करते.

जुन्या डार्क राइड्सची अवस्था याहून नाजूक आहे. लिऑन कॅसिडी यांच्या ‘प्रेत्झेल’ कंपनीने १९२८ पासून एका रुळावर धावणाऱ्या लहान गाड्यांच्या राइड्स विकल्या, ज्या तीव्र वळणांवर झटका देत दारे ढकलून आत शिरत. पुढे रचनाकार बिल ट्रेसी यांनी अशा राइड्सना भडक, विनोदी आणि किंचित विकृत असे आपले खास रूप दिले. मेरिलँडमधील ओशन सिटी येथील ट्रिंपर्स पार्कमधले ‘हाँटेड हाउस’ हे त्यांच्या उरलेल्या मोजक्या कामांपैकी एक आहे. लाकूड, कापड आणि कागदाचा लगदा यांनी बनलेल्या या वस्तू ओलीने कुजतात आणि आगीला लगेच बळी पडतात. न्यू जर्सीतील एका पार्कमधल्या ‘हाँटेड कॅसल’ या चालत पाहायच्या भीतिघराला ११ मे १९८४ रोजी लागलेल्या आगीत आठ तरुण मृत्युमुखी पडले. त्यानंतर अंधाऱ्या राइड्ससाठी पाण्याचे फवारे आणि धुराची सूचना देणारी यंत्रणा यांविषयीचे नियम कडक झाले, जे व्हायलाच हवे होते, परंतु तो खर्च न झेपल्याने अनेक जुन्या राइड्स बंद पडल्या. ‘डार्कराइड अँड फनहाउस एन्थुझिअॅस्ट्स’ ही संघटना उरलेल्या राइड्सची नोंद ठेवते आणि त्या टिकाव्यात यासाठी झटते.

कोठून सुरुवात करावी असेही आपण विचारले आहे. पुढच्या वेळी पार्कमध्ये ‘फ्लाइंग स्कूटर्स’ दिसली तर लगेच बसू नका. कुंपणाबाहेर उभे राहून एक पूर्ण फेरी पाहा आणि कोणता डबा बाकीच्यांपेक्षा दूर जातो आहे ते हेरून ठेवा. त्यातून उतरणाऱ्या माणसाला पडदा नेमका कधी वळवला एवढेच विचारा. तो बहुधा उत्तर देण्याऐवजी तुम्हाला सोबत घेऊन पुन्हा रांगेत उभा राहील.