बोथट पटाशी? धार लावू नका!

प्रश्न : देवगडजवळच्या आमच्या जुन्या घरी आजोबांच्या सुतारकामाच्या पेटीत एक अख्खं लोखंडी हत्यार मिळालं. लांबी वीतभर, पटाशीसारखं, पण मूठ नाही. खालची कड पसरट आणि जाड, तिच्या मधोमध खाच. डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलंय. धार लावून पटाशी म्हणून वापरू का?

उत्तर : नको हो, सहाणेवर घासलंत तर त्याचं कामच संपेल! आजोबा होड्या बांधत किंवा दुरुस्त करत असणार. फळ्यांमधल्या सांध्यात तेलात भिजवलेला कापसाचा पीळ ठासायचं हे हत्यार आहे. कड धारदार असती तर पीळ तुटला असता. खाचेमुळे तो न कापता आत बसतो. वरून तेलात शिजवलेली राळ भरत, आणि होडी पाण्यात उतरली की लाकूड फुगून सांधा आणखी आवळला जाई. माझे वडील मालवणात हेच काम करत. ठोक्याचा आवाज बदलला की पीळ पुरता बसला, हे त्यांना न बघता कळे.

खाचेत काळा चिकट थर आहे का, पाहा. तो राळेचा असेल. पेटी पुन्हा धुंडाळा, कारण पीळ आधी आत सारायला याचंच पातळ, बिनखाचेचं भावंड लागतं. गंज काथ्याने घासा, खोबरेल लावा, बास. आता फायबरच्या होड्यांना सांधेच नसतात, म्हणून ही जोडी नीट जपा.